रक्तक्षयातील आहार

शरीरात लोह कमी पडल्याने हिमोग्लोबिन घटते, त्या रक्तक्षयात औषधाच्या जोडीने घ्यावयाचा आहार. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे १२ ग्रॅमच्या आणि गरोदर स्त्रीचे ११ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय मानतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अर्थात त्याला लोहाखेरीज इतरही कारणे असतात.

रक्त वाढवायला बीट आणि डाळिंब खा, हा सल्ला घरोघरी मिळतो. त्यांचा रंग लाल असला, तरी १०० ग्रॅममागे लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही. त्या मानाने बाजरीत ते सहा मिलिग्रॅमच्या आसपास असते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साथीने आणलेला ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण तर लोहासाठीच निवडलेला आहे. अळीव, राजगिरा, मटकी, हरभरा हेही चांगले स्रोत. गूळ-शेंगदाणे खावेत, पण गुळाच्या खड्यातून मिळणारे लोह थोडेच असते.

खरी अडचण शोषणाची आहे. धान्य-कडधान्यांतील फायटेट हे नैसर्गिक द्रव्य लोहाला धरून ठेवते, त्यामुळे शाकाहारी जेवणातले बरेचसे लोह अंगी लागत नाही. मांस, मासे आणि कलेजीतले लोह त्या मानाने सहज शोषले जाते. कडधान्याला मोड आणले की फायटेट कमी होते आणि क जीवनसत्त्व वाढते. मोडाच्या उसळीवर ताटातच लिंबू पिळावे. फोडणीत शिजवलेल्या लिंबातले क जीवनसत्त्व बरेचसे उडून जाते. जेवणासोबत पेरू किंवा ताजा आवळाही चालतो. जेवण होताच घेतलेला चहा मात्र हे सगळे बिघडवतो. तो तास-दोन तास पुढे ढकलणे हा या आहारातला सर्वांत स्वस्त बदल आहे, आणि बहुधा सर्वांत अवघडही. लोखंडी कढईत चिंच घातलेली आमटी उकळली तर कढईचे लोह तिच्यात उतरते. आमटी काळपट दिसते, ती खायला हरकत नाही.

हिमोग्लोबिन बरेच खाली गेले असेल तर नुसत्या आहाराने ते भरून निघत नाही, गोळ्या लागतात. त्या दुधासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नयेत. पाळीत जास्त रक्तस्राव होत असेल किंवा पोटात जंत असतील, तर आधी त्यावर उपचार हवेत. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांत, तसेच विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेल या तशाच आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिन कमी असले तरी लोह कमी असेलच असे नाही. तिथे तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करत नाहीत.