दूधचोरीचा आळ

सकाळी गाय दोहायला बसावं तर चरवीचा तळसुद्धा झाकत नाही. सडावर ओरखडा. त्यात आदल्या संध्याकाळीच गोठ्याच्या कडेनं लांबलचक धामण सरपटत गेलेली सगळ्यांनी पाहिलेली. मग निकाल लागायला कितीसा वेळ? धामणीनं गाईच्या मागच्या पायांना विळखा घातला आणि दूध पिऊन गेली!

धामणीचं तोंड एकदा जवळून पाहावं. दूध ओढायचं तर सडाभोवती तोंड घट्ट मिटावं लागतं. वासराचे मांसल ओठ, रुंद जीभ आणि टाळू मिळून ते काम करतात. सापाला तसे ओठ नाहीत, आणि जीभ म्हणजे टोकाशी दुभंगलेला दोरा. वर दातांच्या चार रांगा, खाली दोन. सगळे दात सुईसारखे आणि घशाकडे वळलेले, म्हणजे धरलेला उंदीर सुटू नये. अशा तोंडात सड गेला तर गाय गोठा डोक्यावर घेईल, शांत उभी राहणार नाही. दूध पचवायची सोयही सापाच्या शरीरात नाही. तहानलेला साप वाटीतलं दूध पितो खरा, पण ओलावा हवा म्हणून.

धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी. पेंड, कडबा, सांडलेले दाणे, म्हणजे उंदीर आलेच. मारलेल्या सापाच्या अंगातून कधीकधी पांढरट लगदा येतो. ते युरिक आम्ल, सापाचं घट्ट मूत्र. ‘प्यायलेलं दूध’ म्हणून लोक तेच दाखवत असावेत, असा आपला माझा तर्क.

उत्तर अमेरिकेत गोठ्यात उंदरांमागे येणाऱ्या एका बिनविषारी सापाचं तर नावच ‘मिल्क स्नेक’ पडलं. इंग्लंडमध्ये हाच आळ काटेरी हेजहॉगवर होता. तिथल्या 1566 च्या कायद्यानं उपद्रवी प्राण्यांच्या यादीत त्यालाही घातलं आणि एका डोक्यामागे दोन पेन्स इनाम लावलं.

सगळ्यात वाईट गत झाली रातव्याची. हा पक्षी संध्याकाळी गुरांच्या आसपास घिरट्या घालतो, कारण गुरांभोवती किडे असतात. चोच चिमुकली, पण उघडल्यावर तोंड केवढं तरी मोठं. रातवा शेळीचं दूध पितो आणि मग ती आंधळी होते, असं अ‍ॅरिस्टॉटलनं नोंदवून ठेवलंय. 1758 मध्ये सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं त्याच्या प्रजातीला ‘कॅप्रिमल्गस’ म्हटलं, म्हणजे शेळी दोहणारा. आळ केव्हाच खोटा ठरला, शास्त्रीय नाव मात्र अजून तेच.

पण दूध कमी निघालं, ही तक्रार तर खोटी नव्हती. कधी कासदाह असतो, कधी दाव्यातून सुटलेलं वासरू रात्रीच पिऊन घेतं. आणि कधी गाय पान्हा चोरते. सडाला हात लागला की मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं आणि रक्तावाटे मिनिटभरात कासेत पोचतं. त्यानं दुधाच्या पिशव्या आवळल्या जातात, तोच पान्हा. गाय भेदरली की अ‍ॅड्रेनलिन हे भीतीच्या वेळी सुटणारं संप्रेरक या कामात आडवं येतं. त्यामुळे धार काढायच्या वेळी पायाशी धामण दिसली, तर दूध खरंच कमी निघू शकतं. पण ते सापाच्या पोटात गेलेलं नसतं, कासेतच अडलेलं असतं. गाय शांत झाली की वासरू लावून पाहावं.