व्हर्टिब्रोप्लास्टी

दबलेल्या मणक्यात त्वचेतून सुई घालून अस्थिसिमेंट भरण्याची उपचारपद्धती. ऑस्टिओपोरोसिसने हाडे ठिसूळ झाली की वाकून एखादी वस्तू उचलल्याने, कधी नुसत्या खोकल्यानेही मणका दबतो. पाठ आणि कंबर जुळतात तिथले मणके जास्त करून दबतात. मणक्यात पसरलेल्या कर्करोगामुळेही असे होते. कूस बदलताना किंवा उठताना असह्य कळ येते, आडवे पडल्यावर ती बरीच ओसरते.

१९८४ मध्ये फ्रान्समधील आमियाँ येथे गालिबेर आणि देरामाँ या डॉक्टरांनी ही पद्धत प्रथम वापरली, तीही मानेच्या दुसऱ्या मणक्यातील रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी. ठिसूळ हाडांसाठी तिचा वापर नंतर रूढ झाला.

रुग्णाला पालथे झोपवून जागा बधिर करतात आणि क्ष-किरण पडद्यावर पाहत सुई मणक्याच्या मुख्य भागात नेतात. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट या अस्थिसिमेंटची भुकटी व द्रव कालवून मिश्रण टूथपेस्टइतके घट्ट झाले की मगच ते हळूहळू सोडतात. पातळ असताना सोडले तर ते शिरांत शिरते. पडद्यावर दिसावे म्हणून त्यात बेरियम सल्फेट असते. सिमेंट मज्जारज्जूच्या बाजूला सरकताना दिसले की तिथेच थांबायचे. थोडे कमी भरले गेले तरी चालते. बाहेर झिरपलेले सिमेंट बहुधा त्रास देत नाही, पण क्वचित ते मज्जातंतूंवर दाब आणते किंवा रक्तावाटे फुप्फुसात पोहोचते. कायफोप्लास्टी या याच धर्तीच्या पद्धतीत सिमेंट भरण्याआधी मणक्यात फुगा फुगवून पोकळी करतात व दबलेली उंची शक्य तेवढी परत मिळवू पाहतात.

उपयोगाबद्दल मात्र मतभेद आहेत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत काही रुग्णांवर सिमेंट न भरता केवळ तसा देखावा केला होता. वेदना दोन्ही गटांत जवळपास सारख्याच कमी झाल्या. २०१६ च्या एका चाचणीत सहा आठवड्यांच्या आतल्या, तीव्र वेदनेच्या अस्थिभंगांत फायदा दिसला, तर २०१८ च्या दुसऱ्या चाचणीत तो दिसला नाही. म्हणून खरे कौशल्य रुग्णाच्या निवडीत आहे. अनेक ज्येष्ठांच्या क्ष-किरण चित्रात जुने, भरून आलेले दबलेले मणके असतात आणि दुखणे भलतीकडचेच असते. एमआरआयमध्ये मणक्यात सूज दिसली आणि त्याच जागी दाबल्यावर दुखले, तरच सिमेंटचा विचार रास्त ठरतो. बहुतेकांचे दुखणे वेदनाशामके व हळूहळू वाढवलेल्या हालचालीने काही आठवड्यांत कमी होते. जंतुसंसर्ग किंवा रक्त गोठण्याचा दोष असल्यास ही प्रक्रिया करत नाहीत.

सिमेंटने हाडांचा ठिसूळपणा जात नाही. ऑस्टिओपोरोसिसवरचे औषध सुरू केले नाही, तर दुसरा मणका दबण्याचा धोका तसाच राहतो.