स्वॅप केलेल्या गाडीत गिअर बदलायचं काम कोणाकडे?

इंजिन बदललेल्या गाडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लावायचा म्हटलं की गॅरेजात आधी बोलणं होतं ते माउंटिंगचं, अडॅप्टर प्लेटचं, प्रोपेलर शाफ्टच्या लांबीचं. ही कामं लेथवाला करून देतो, आणि भोसरीत लेथवाल्यांना तोटा नाही. घोडं अडतं ते पुढे. गिअर कधी बदलायचा हे ठरवणार कोण? याचं उत्तर मालकाच्या हौसेपेक्षा बॉक्स कोणत्या काळातला आहे त्यावर ठरतं.

जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये आला तेव्हा हा प्रश्नच नव्हता. सगळा कारभार तेलाच्या दाबावर. गव्हर्नरचा (वेग मापणाऱ्या भागाचा) दाब गाडीच्या वेगाबरोबर वाढायचा, थ्रॉटलचा म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरप्रमाणे बदलणारा दाब त्याला विरोध करायचा, आणि ज्याचा जोर जास्त त्याच्या बाजूने व्हॉल्व्ह बॉडीतला (तेलाच्या वाटा असलेल्या ठोकळ्यातला) व्हॉल्व्ह सरकायचा. या पद्धतीच्या बॉक्सला इंजिन कुठल्या कंपनीचं याच्याशी देणंघेणं नसतं. एक केबल किंवा व्हॅक्यूमची नळी जोडली की झालं. पण आपल्याकडे स्वॅप म्हणजे बऱ्याचदा डिझेल, आणि डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये कामापुरता व्हॅक्यूम नसतो. म्हणून मर्सिडीजच्या जुन्या डिझेल गाड्यांत पंपाचा व्हॅक्यूम इंजेक्शन पंपावरच्या व्हॉल्व्हमधून कमीजास्त करून बॉक्सला दिलेला असे. स्वॅपमध्ये नेमका हाच व्हॉल्व्ह गाळला जातो आणि मग बॉक्स झटके देतो म्हणून ओरड होते.

ऐंशीच्या दशकात सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह, रुळले. जनरल मोटर्सच्या १९९३ च्या ४एल६०ई या बॉक्समध्ये गिअर निवडायला दोनच सोलेनॉइड आहेत: चालू-बंदच्या चार जोड्या, चार गिअर. दोन्ही बंद म्हणजे तिसरा, त्यामुळे वीज गेली तरी गाडी तिसऱ्यावर घरी येते. एवढंच असतं तर पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, सुटे भाग आणून सर्किट जुळवता आलं असतं. खरं काम दाबाचं. लाइन प्रेशरचा, म्हणजे क्लच आवळणाऱ्या तेलाच्या मुख्य दाबाचा, सोलेनॉइड इंजिनच्या टॉर्कप्रमाणे (पिळाच्या जोराप्रमाणे) सतत कमीजास्त करावा लागतो, आणि तो टॉर्क किती हे इंजिनकडूनच कळायला हवं.

मर्सिडीजचा ७२२.६ हा १९९६ चा पाच गिअरचा बॉक्स माझ्या मते स्वॅपसाठी सर्वांत सोयीचा. १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची जुळणी सुरू झाली, तेव्हा पुण्याला ही जात परकी नाही. आत सहा सोलेनॉइड, पण कंट्रोल युनिट बाहेर, त्यामुळे मूळ युनिट बाजूला ठेवून स्वतंत्र कंट्रोलर लावता येतो. मूळच ठेवलं तर कॅन बसवर (गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या तारांवर) इंजिनची माहिती मिळाली नाही की ते लिंप मोडमध्ये, म्हणजे बिघाडाच्या वेळच्या कामचलाऊ अवस्थेत, जातं आणि दुसऱ्या गिअरवर अडून बसतं.

जुना ७२२.६ घेताना एक गोष्ट पाहावीच. बाजूला तेरा पिनांचा गोल कनेक्टर असतो. त्याच्या प्लास्टिक अडॅप्टरच्या ओ-रिंग कडक झाल्या की गिअर ऑइल तारांमधून झिरपत वर चढतं आणि थेट कंट्रोल युनिटच्या प्लगमध्ये पोहोचतं. दात्या गाडीचं, म्हणजे बॉक्स ज्या गाडीतून काढला तिचं, युनिट मिळत असेल तर तो प्लग ओढून बघायचा. आत तेलकट ओल दिसली तर हार्नेससकट (तारांच्या जुडग्यासकट) सगळं संशयास्पद.

२००१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सीरिजबरोबर झेडएफचा ६एचपी आला आणि युनिट बॉक्सच्या आत, तेलातच गेलं. नंतरच्या ८एचपीतही तेच. आता तारा नुसत्या कापून जोडून भागत नाही. एक तर आतल्या युनिटला त्याला समजतील असे कॅन संदेश पुरवायचे, नाही तर ते काढून दुसरं बसवायचं. गिअर बदलताना हे बॉक्स इंजिनला क्षणभर टॉर्क कमी करायला सांगतात. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेलला ते ऐकूच येत नाही.

कायद्याचं वेगळंच. गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असा निर्वाळा दिला. आरटीओत इंजिन नंबरवरून प्रश्न निघतो. गिअर कोण बदलतं हे तिथे कोणी विचारत नाही.

इंजिन आणि बॉक्स एकाच दात्या गाडीतून, संगणक आणि पूर्ण हार्नेससह मिळत असतील तर तेच उचलावं, मजा कमी असली तरी. मेकॅनिकल पंपाच्या डिझेलमागे ७२२.६ लावणार असाल तर स्वतंत्र कंट्रोलर घ्या, पंपाच्या लिव्हरवर पोटेन्शिओमीटर (लिव्हर किती दाबला ते सांगणारा सेन्सर) बसवा आणि आरपीएम व लिव्हरच्या स्थितीवरून टॉर्कचं टेबल हाताने भरा. सुरुवातीला टॉर्कचे आकडे चढेच ठेवा, म्हणजे दाब जास्त राहील: गिअर धाडकन पडेल, पण क्लच जळणार नाहीत.