कारचा वॉरंटी क्लेम नाकारला? ग्राहक आयोगात जाण्याआधी हातात काय हवं

‘साहेब, कंपनीकडून क्लेम रिजेक्ट झालाय.’ सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर हे फोनवर सांगतो, लेखी काही येत नाही. गिअरबॉक्स उतरवून ठेवलेला असतो, एस्टिमेट पाऊण लाखाचं असतं आणि गाडीवाचून रोजची कामं अडलेली असतात. म्हणून माणूस पैसे भरून गाडी सोडवतो आणि काही महिन्यांनी विचारायला येतो, की आता ग्राहक आयोगात जाता येईल का. जाता येतं. पण तोवर बिघडलेला पार्ट भंगारात गेलेला असतो, नकाराचा कागद मिळालेलाच नसतो आणि ‘काम समाधानकारक झाले’ असं छापलेल्या कागदावर सही झालेली असते. पुण्यातल्या अशा तक्रारी लंगड्या पडतात त्या इथेच. म्हणून गाडी वर्कशॉपमध्ये असते त्या दिवसांबद्दल आधी, अर्जाबद्दल नंतर.

नकाराचा कागद

हा कागद जवळजवळ कुणाकडेच नसतो. तोंडी नकार ऐकला की त्याच दिवशी डीलरला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला एकच ईमेल करा. त्यात गाडीचा नंबर, जॉब कार्डाचा (वर्कशॉपने गाडी घेताना केलेल्या कामाच्या नोंदीचा) क्रमांक आणि एवढाच मजकूर पुरे: ‘माझा क्लेम वॉरंटी पुस्तिकेतील कोणत्या अटीखाली नाकारला आणि त्या अटीचा या बिघाडाशी काय संबंध आहे, हे लेखी कळवावे.’ आठवडाभरात उत्तर आलं नाही तर दुसरा ईमेल पाठवा: अमुक तारखेला अमुक पदावरच्या माणसाने तोंडी नकार दिला, उत्तर नाही, म्हणजे नकार कायम आहे असं मी समजतो. हेच पत्र स्पीड पोस्टनेही पाठवा आणि पोचल्याचा पुरावा काढून ठेवा. (रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे, त्यामुळे खिडकीवर त्यासाठी हुज्जत घालू नका.) समोरच्याने उत्तर दिलं नाही तरी तुमच्या हातात तारखेचा पुरावा राहतो, आणि पुढे सगळं त्या तारखेवर चालतं.

‘बिघाडाशी काय संबंध’ हा प्रश्न गाळू नका. नकाराची कारणं ठरलेली असतात: सर्व्हिस उशिरा झाली, बाहेरून अ‍ॅक्सेसरी बसवली, पार्ट झिजला, इंधन खराब होतं. बाहेरून म्युझिक सिस्टीम बसवली म्हणून वायरिंगचा क्लेम नाकारला तर त्यात तथ्य असू शकतं. त्याच कारणाने गिअरबॉक्सचा क्लेम नाकारला तर संबंध दाखवायची जबाबदारी त्यांच्यावर टाका. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर मात्र आधी पुस्तिका नीट वाचा, तिथे बहुतेक कंपन्या फार कडक असतात. क्लच प्लेट आणि ब्रेक पॅड झिजणारे पार्ट म्हणून सहसा वॉरंटीबाहेर असतात. पण क्लच कमी किलोमीटरला गेला आणि प्रेशर प्लेट किंवा फोर्कमध्ये दोष निघाला, तर प्रश्न झिजेचा राहत नाही. म्हणून काय बिघडलं हे पार्टच्या नावानिशी जॉब कार्डावर लिहून घ्या. ‘गाडी आवाज करते’ एवढ्या नोंदीवर कुणीही काहीही म्हणू शकतं.

सर्व्हिसच्या मुदतीत पुष्कळ जण चुकतात. पुस्तिकेत किलोमीटर किंवा महिने, ‘जे आधी होईल ते’ असं असतं. कोथरूडहून डेक्कनपर्यंतच गाडी काढणारे म्हणतात, दहा हजार किलोमीटर कुठे झालेत अजून? महिने मात्र केव्हाच उलटलेले असतात. वॉरंटीची मुदतही अशीच दुहेरी असते आणि ती बहुधा डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजतात.

पार्ट आणि सही

पैसे भरून दुरुस्ती करावीच लागली तर जुना पार्ट लेखी मागा आणि ताब्यात घ्या. उघडलेल्या अवस्थेतले फोटो, ओडोमीटरचा फोटो आणि स्कॅनरचा एरर कोड असलेला रिपोर्ट घ्या. बिलावर आणि गेट पासच्या कागदावर सही करताना हाताने लिहा: ‘हक्क राखून, निषेध नोंदवून रक्कम भरली.’ काउंटरवरचा माणूस नाराज होईल, होऊ दे. त्या एका ओळीशिवाय सही केली की समोरचा वकील तोच कागद तुमच्याविरुद्ध दाखवतो.

गाडीत पावसाचं पाणी शिरून इंजिन जाम झालं असेल तर वॉरंटीच्या मागे लागू नका. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी भरलं, तेव्हाच्या गाड्यांसारखी प्रकरणं विम्याची असतात. तिथेही इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर घेतलेलं होतं का, हे आधी बघावं लागतं. विमा कंपनीने नाकारलं तर पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे. ती वाट वेगळी आहे, दोन्ही एका अर्जात कालवू नका.

कोण तक्रार करू शकतो

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्य कार्यालय चेन्नईला असो की गुरुग्रामला, पुण्यात राहणाऱ्याने पुणे जिल्हा आयोगात जावं. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. इथे मोजलेली किंमत धरतात, मागितलेली भरपाई नाही. कर्ज काढून घेतलेल्या गाडीची पूर्ण किंमत धरा, फक्त डाउन पेमेंट नव्हे.

व्यापारी कामासाठी घेतलेली गाडी असेल तर अडचण येते. पोटापाण्यासाठी स्वतः टॅक्सी चालवणाऱ्याला कायद्याने वगळलेलं नाही, पण तसं तक्रारीत स्पष्ट लिहावं लागतं. हिंजवडी-खराडीतल्या नोकरदारांची अडचण वेगळीच असते: गाडी कंपनी लीजवर, आरसी लीजिंग कंपनीच्या नावावर. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच असतो. तरी लीजिंग कंपनीचं अधिकारपत्र आधी मिळवा, नाहीतर पहिल्याच तारखेला हरकत येते. जुनी गाडी घेतली असेल तर एक्स्टेंडेड वॉरंटी तुमच्या नावावर झाली आहे का ते तपासा. आरसी नावावर झाली म्हणजे वॉरंटीही झाली, असं नसतं.

दोन वर्षं

तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल व्हावी लागते. वॉरंटी अजून शिल्लक आहे म्हणून ही मुदत लांबत नाही. ईमेल चालू आहेत, वकिलाची नोटीस दिली, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, यातल्या कशानेही घड्याळ थांबत नाही. हेल्पलाइनवर जरूर जा, कधीकधी कंपनी तिथेच नमते. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. ‘वरिष्ठांकडे पाठवलंय, बघतो’ अशा उत्तरांवर लोकांना वर्ष वर्ष झुलवतात, ते पाहून जीव तुटतो. उशीर झालाच तर सबळ कारण देऊन विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण तो मान्य करणं आयोगाच्या हातात असतं.

दाखल करताना

तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. मराठीत लिहिता येते, वकील सक्तीचा नाही. शुल्क गाडीच्या किमतीवर आहे: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १०००. सोबत आरसी, खरेदीचं बिल, वॉरंटी पुस्तिकेची संबंधित पानं, सर्व्हिस हिस्टरी, सगळी जॉब कार्डं, नकार, नोटीस, पत्त्याचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र लागतं. व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेलच्या प्रिंट जोडत असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्रही जोडा. ते नसलं की नेमके तेच पुरावे वादात अडकतात.

डीलर आणि उत्पादक कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. फक्त डीलरवर केलीत तर तो म्हणतो वॉरंटी कंपनीची, फक्त कंपनीवर केलीत तर ती म्हणते दुरुस्ती डीलरची. दोघे एकमेकांकडे बोट दाखवतील, ते एकाच दालनात दाखवू दे.

मागणी लिहिताना राग बाजूला ठेवा. इंजेक्टर गेला म्हणून नवी गाडी मागणारे अर्ज फार येतात. क्लचच्या दोषाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली म्हटलं, की वॉरंटीची जबाबदारी दोषी पार्ट दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची आहे, सबंध गाडी बदलण्याची नाही. ‘गाडीत मूळचा उत्पादन दोष आहे’ असं लिहिलंत की ते सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो. ‘वॉरंटीत येणारा पार्ट मुदतीत बिघडला, चुकीच्या कारणाने नाकारला’ असं मांडलं तर ओझं पुष्कळ हलकं होतं. दुरुस्तीचा खर्च व्याजासह, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागा.

तांत्रिक वाद उरलाच तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली योग्य प्रयोगशाळेकडून तपासणी करण्यासाठी अर्ज द्या, तोही सुरुवातीलाच. तिचं शुल्क बहुधा तुम्हालाच आधी भरावं लागतं. पुण्यात एआरएआय ही वाहनांची तपासणी करणारी संस्था आहे म्हणून लोक थेट तिकडे निघतात. परस्पर आणलेल्या अहवालावर समोरचा हरकत घेणारच, त्यापेक्षा आयोगामार्फत जा. तोवर गाडी विकू नका. विकलीत तर ‘आता हा ग्राहकच नाही’ असा युक्तिवाद होतो, आणि तपासायलाही काही उरत नाही.

नोटीस मिळाल्यावर विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. ४६ व्या दिवशी आलेलं उत्तर घेऊ नये, असा स्पष्ट आक्षेप तुम्ही घ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये तसाच निर्णय दिला आहे. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात यापेक्षा बराच जास्त वेळ जातो, हे धरूनच बसा. मध्येच मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर खर्चाची रक्कम मनात ठरवून जा.

निकाल बाजूने लागला की विरुद्ध पक्षाला अपिलासाठी ४५ दिवस असतात आणि अपील करायचं तर त्याला आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर अंमलबजावणीचा वेगळा अर्ज तुम्हालाच करावा लागतो, आयोग आपणहून वसुलीला निघत नाही. आदेश न पाळल्यास कलम ७२ खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. त्या अर्जासाठी निकालाची प्रमाणित प्रत लागते, ती निकालाच्या दिवशीच मागून ठेवा.