दोनच शेअर आणि एक खुर्ची : रायन कोहेन यांच्या गुंतवणुकीमागची पार्श्वभूमी

रायन कोहेन यांनी २०११ मध्ये एका सहकाऱ्यासोबत फ्लोरिडात 'च्यूई' सुरू केली, तेव्हा ते पंचविशीत होते. कुत्र्या-मांजरांचं खाणं इंटरनेटवरून घरपोच विकायचं, हे ऐकूनच पैसेवाले मागे सरत. असाच धंदा करणारी पेट्स डॉट कॉम २००० साली बुडालेली त्यांना चांगलीच आठवत होती. शंभरावर फंडांचे नकार पचवल्यावर २०१३ मध्ये व्होलिशन कॅपिटलने दीड कोटी डॉलर दिले. आणि २०१७ मध्ये पाळीव प्राण्यांच्या सामानाची दुकानं चालवणाऱ्या पेटस्मार्टने अख्खी कंपनी ३३५ कोटी डॉलरना विकत घेतली. कोहेन यांची पुढची सगळी धाडसं या सहा वर्षांत घडलेल्या स्वभावातून आली, असं मला ठामपणे वाटतं. लोक नाही म्हणत असताना सगळं एकाच ठिकाणी लावायचं आणि सूत्रं स्वतःकडे ठेवायची, हेच त्यांना फळलं होतं.

२०१८ मध्ये ते च्यूईतून बाहेर पडले. हाती आलेला पैसा त्यांनी मुख्यतः दोनच शेअरांत घातल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं: ॲपल आणि वेल्स फार्गो ही बँक.

अशा वेळी दुसरा रस्ताही असतो. १९९९ मध्ये याहूने उद्योजक मार्क क्यूबन यांची ब्रॉडकास्ट डॉट कॉम ५७० कोटी डॉलरना घेतली, पण मोबदला याहूच्या शेअरांत दिला. क्यूबन यांनी पुट ऑप्शन, म्हणजे ठरावीक किमतीला शेअर विकायचा हक्क, घेऊन त्या शेअरांच्या किमतीला खालून टेकू लावला आणि त्याचा खर्च भागवायला कॉल, म्हणजे ठरावीक किमतीला शेअर घ्यायचा हक्क, दुसऱ्यांना विकून वरच्या नफ्यावर पाणी सोडलं. पुढे डॉट कॉमचा फुगा फुटला आणि याहूचा शेअर ९० टक्क्यांहून जास्त घसरला, तरी क्यूबन यांची संपत्ती शाबूत राहिली. कोहेन यांनी हा सावध रस्ता धरला नाही.

वेल्स फार्गोचं प्रकरण मला सर्वांत बोलकं वाटतं. अमेरिकेत ठरावीक रकमेपलीकडे मतदानाचा हक्क असलेले शेअर घेताना आधी सरकारला कळवावं लागतं. निव्वळ गुंतवणूक असेल तर सूट मिळते. कोहेन मात्र शेअर घेता घेता बँकेच्या वरिष्ठांकडे संचालक मंडळावर जागा मागत होते, असा फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी नियामक संस्थेचा आरोप होता. २०२४ मध्ये सुमारे ९ लाख ८५ हजार डॉलर दंड भरून ते प्रकरण मिटलं. स्वतःची कंपनी उभारलेल्या माणसाला नुसता भागधारक म्हणून गप्प बसणं किती जड जातं, ते इथे दिसतं.

गेमस्टॉपमध्ये हाच स्वभाव उघडपणे समोर आला. मॉलमधून व्हिडिओ गेम विकणारी ही साखळी २०२० मध्ये मरणपंथाला लागल्याचं बाजाराने गृहीत धरलं होतं. खुल्या व्यवहारात जेवढे शेअर होते, त्याहून जास्त शॉर्ट केलेले, म्हणजे किंमत पडेल या भरवशावर उसने घेऊन विकलेले होते. कोहेन यांनी सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलरना ९० लाख शेअर जमवले. १९६८ च्या विल्यम्स कायद्यामुळे पाच टक्क्यांवरचा हिस्सा जाहीर करावाच लागतो. त्यामुळे त्यांची खरेदी सगळ्यांना दिसली. नोव्हेंबरात त्यांनी संचालक मंडळाला खरमरीत पत्र लिहिलं, जानेवारी २०२१ मध्ये मंडळावर जागा मिळवली. २८ जानेवारीला शेअर ४८३ डॉलरपर्यंत गेला. या उसळीत रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या छोट्या गुंतवणूकदारांचा आणि शेअर परत घ्यायला धावणाऱ्या, अडकलेल्या शॉर्टवाल्यांचा वाटा मोठा होता, पण कोहेन यांच्या नावावरचा विश्वासही त्यात होता. जूनमध्ये ते अध्यक्ष झाले आणि २०२३ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी.

बेड बाथ अँड बियाँड या घरगुती सामानाच्या दुकानांच्या साखळीकडे मात्र मी त्या कौतुकाने पाहू शकत नाही. मार्च २०२२ मध्ये कोहेन यांनी तिथे ९.८ टक्के हिस्सा जाहीर केला, पुन्हा पत्र लिहिलं, मंडळावर आपली माणसं बसवली. छोटे गुंतवणूकदार गेमस्टॉपच्या आठवणीने मागोमाग आले. ऑगस्टमध्ये कोहेन यांनी सगळे शेअर विकले. सुमारे सहा कोटी ऐंशी लाख डॉलर नफा झाला. विक्रीची बातमी फुटल्यावर एका दिवसात शेअर ४० टक्के कोसळला. त्यांच्यावर विसंबून आलेल्यांना ही विक्री होऊन गेल्यावर कळली. एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.