औषध देऊन आरोपीला खटल्यासाठी उभे करणे : अमेरिकेतील वादाची पार्श्वभूमी

ज्याचे भान हरपले आहे त्याच्यावर खटला चालवायचा नाही, हा नियम इंग्लंडमधून अमेरिकेत आला. १७९० मध्ये जॉन फ्रिथ नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याने राजा तिसरा जॉर्ज याच्या बग्गीवर दगड फेकला. आरोप राजद्रोहाचा होता. पण ज्युरीने आधी एवढेच ठरवले की याचे डोके ठिकाणावर नाही, आणि खटला पुढे ढकलला गेला. ज्याला आपल्यावरचा आरोप समजत नाही, वकिलाला घडलेली हकिकत सांगता येत नाही, तो पिंजऱ्यात उभा असूनही गैरहजरच, असा त्यामागचा विचार होता. गुन्हा करताना त्याच्या मनाची स्थिती काय होती, हा प्रश्न पूर्ण वेगळा. इथे पाहायची ती खटल्याच्या दिवसाची अवस्था.

त्या काळी असा निर्णय बहुधा कायमचा ठरे, कारण इलाजच नव्हता. आरोपी आपसूक सावरला तर परत येई, नाहीतर वेड्यांच्या इस्पितळातच त्याचे आयुष्य संपे.

हे चित्र बदलले ते १९५० च्या दशकात. पॅरिसच्या सेंत-आन इस्पितळात ज्याँ डिले आणि पिएर डेनिकेर यांनी १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना दिले. दोन वर्षांत ते ‘थोराझिन’ या नावाने अमेरिकेच्या बाजारात आले. त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलँड इस्पितळात नेथन क्लाइन रेसरपिन वापरून पाहत होते. हे औषध आपल्या सर्पगंधेच्या मुळीतून काढलेले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण मांडला, तेव्हा पाश्चात्त्य डॉक्टरांचे या मुळीकडे खरे लक्ष गेले. मुंबईतल्या रुग्णांवरचा हा अनुभव अशा प्रकारे मनोविकारांवरच्या औषधांच्या इतिहासातही जाऊन बसला.

या औषधांनी आवाज ऐकू येणे, संशय, भ्रम हे सारे कमी होऊ लागले, आणि न्यायालयांपुढे नवाच पेच आला. गोळ्यांच्या जोरावर भानावर आलेला माणूस खरोखर भानावर आलेला मानायचा का? काही न्यायाधीश याला बनावट शहाणपण म्हणत आणि असा खटला चालवायला नकार देत. लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये हॅम्प्टन खटल्यात तो आक्षेप फेटाळला. आरोपी आज सक्षम आहे ना, मग ही क्षमता कशामुळे आली हे न्यायालयाने पाहू नये, असे त्याचे म्हणणे. हळूहळू हीच भूमिका रूढ झाली.

सक्षम म्हणजे नेमके काय, याचे माप अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६० च्या डस्की निकालाने दिले होते. आरोपीला वकिलाशी समजून-उमजून सल्लामसलत करता आली पाहिजे आणि खटल्यात काय चालले आहे हे नुसते माहीत असून चालणार नाही, त्याचा अर्थही उमगला पाहिजे. निकाल जेमतेम काही ओळींचा, पण आजही प्रत्येक तपासणी याच कसोटीवर होते. १९७२ मध्ये जॅक्सन विरुद्ध इंडियाना खटल्यात पुढचा टप्पा आला. ऐकू-बोलू न शकणाऱ्या आणि लहान मुलाइतकीच समज असलेल्या त्या तरुणावर दोन चोऱ्यांचा आरोप होता. दोन्हींत मिळून मुद्देमाल ९ डॉलरचा. तो कधी सक्षम होईल अशी आशाच नव्हती, तरी त्याला डांबून ठेवले होते. सक्षम होण्याची वाट पाहत माणसाला अनिश्चित काळ कोंडता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले.

जबरदस्तीने औषध देण्याचा प्रश्न तोवर मागेच राहिला होता. १९९० मध्ये वॉशिंग्टन विरुद्ध हार्पर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कैदी स्वतःला किंवा इतरांना धोकादायक असेल आणि औषध त्याच्या वैद्यकीय हिताचे असेल, तर तुरुंगाच्या समितीच्या निर्णयावर ते सक्तीने देता येईल. त्यासाठी न्यायाधीशाची गरज नाही. दोनच वर्षांनी डेव्हिड रिगिन्सचा खटला आला. नेवाडातल्या या खुनाच्या आरोपीला रोज ८०० मिलिग्रॅम मेलारिल हे मनोविकारावरचे औषध दिले जात होते, आणि त्याच अवस्थेत त्याला फाशीची शिक्षा झाली. आपण वेडाच्या भरात होतो असा त्याचा बचाव होता. ज्युरीला आपली मूळ अवस्था दिसावी म्हणून औषध थांबवा, अशी त्याने खटल्याआधी मागणी केली होती, ती नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. न्यायमूर्ती केनेडी यांनी जोडलेले स्वतंत्र मत मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत प्रामाणिक वाटते. औषधाने चेहरा निर्विकार होतो, हालचाली मंदावतात, आणि समोरची ज्युरी त्याला पश्चात्तापच नाही असे समजून बसते, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. जिवावर बेतलेल्या खटल्यात आरोपीचा चेहरा हाही पुरावाच असतो.

मग चार्ल्स सेल. सेंट लुइसचा हा दंतवैद्य. दात भरायला वापरलेल्या सोन्यात कम्युनिस्टांनी काहीतरी मिसळले आहे, असे त्याने १९८२ मध्ये डॉक्टरांना सांगितले होते. १९८४ मध्ये दवाखान्याबाहेर बसमध्ये बिबट्या चढतोय म्हणून त्याने पोलिसांना फोन केला. १९९७ मध्ये त्याच्यावर खोटी विमा बिले लावल्याचा आरोप आला. पुढे साक्षीदाराला धमकावल्याच्या आरोपावरून सुनावणी झाली, तेव्हा तो आरडाओरडा करत न्यायाधीशाच्या तोंडावर थुंकला. नंतर एफबीआयच्या एजंटाला आणि साक्ष देणार असलेल्या माजी कर्मचाऱ्याला मारण्याच्या प्रयत्नाचाही आरोप जोडला गेला. १९९९ मध्ये तो खटल्यास असमर्थ ठरला आणि मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डच्या केंद्रीय तुरुंग-इस्पितळात गेला. तिथे डॉक्टरांनी औषध सुचवले. त्याने साफ नकार दिला.

पुढची चार वर्षे एका न्यायालयातून दुसऱ्यात गेली. एकाने तो धोकादायक म्हणून औषधाला परवानगी दिली. दुसऱ्याने तो धोकादायक नाही असे म्हटले, तरी खटला चालावा म्हणून परवानगी कायम ठेवली. १६ जून २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला. न्यायमूर्ती ब्रेयर यांनी सक्तीसाठी चार अटी घातल्या. खटला चालवण्यात सरकारचे महत्त्वाचे हित गुंतलेले हवे. औषधाने आरोपी सक्षम होण्याची दाट शक्यता हवी, आणि दुष्परिणामांमुळे त्याच्या बचावात अडथळा येता कामा नये. कमी त्रासाचा दुसरा मार्ग उरलेला नसावा. आणि औषध वैद्यकीयदृष्ट्या योग्य असावे. असे प्रसंग विरळाच येतील, असेही निकालात म्हटले आहे. सेलचा आधीचा आदेश रद्द झाला. २००५ मध्ये त्याने आरोपांना विरोध न करता खटला मिटवला, तोवर त्याची सात वर्षे कोठडीत गेली होती.

या निकालात मला खटकते ते एक वाक्य. खटल्यासाठी सक्ती करण्याआधी धोकादायकपणाच्या कारणाने औषध देता येते का हे पाहा, असे न्यायालयानेच सुचवले. म्हणजे पुढच्या दाराला चार कुलपे आणि मागचे दार सताड उघडे. २०११ मध्ये टूसॉनला अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या सभेत गोळीबार करून सहा जणांना ठार करणारा जॅरेड लॉफ्नर याच मागच्या दाराने गेला. स्प्रिंगफील्डमध्ये त्याला धोकादायक ठरवून सक्तीने औषध दिले, न्यायालयाने ते मान्य केले, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये सक्षम ठरून त्याने गुन्हा कबूल केला. औषध देण्याचे कागदावरचे कारण सुरक्षेचे, आणि त्यातून निघाला तो खटल्याचा निकाल.

औषध नेहमी लागू पडतेच असे नाही. १९९८ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल या संसद-इमारतीत दोन पोलिसांना मारणाऱ्या रसेल वेस्टनला न्यायालयाच्या आदेशाने औषध दिले गेले, तरी तो खटल्यास पात्र झाला नाही.

‘सक्षम करणे’ म्हणजे नुसत्या गोळ्याही नव्हेत. इस्पितळात वर्ग भरतात. न्यायाधीश काय करतो, सरकारी वकील कोणाच्या बाजूचा, गुन्हा कबूल केला तर काय होते, हे रुग्णांकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतात, कधी लुटुपुटीचे न्यायालयही भरवतात. पाठ झालेले उत्तर आणि उमगलेले उत्तर यांतला फरक ओळखणे हे तपासणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाचे सर्वांत कठीण काम.

गेल्या दोन दशकांत वादाचे केंद्र सरकले आहे. नकार देणारे थोडे. खाट मिळण्याची वाट पाहत तुरुंगात पडून राहणारे कितीतरी जास्त, आणि त्यांतल्या अनेकांवरचे आरोप किरकोळ. वॉशिंग्टन राज्यात ट्रूब्लड खटल्यात केंद्रीय न्यायाधीश मार्शा पेकमन यांनी २०१५ मध्ये अशा आरोपींना सात दिवसांत इस्पितळात हलवण्याचा आदेश दिला. राज्याने तो वारंवार मोडला. २०२३ मध्ये त्यांनी राज्याला १० कोटी डॉलरहून अधिक दंड भरायला लावला.