पीतबिंदूतला झेंडू

गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला. बिलबेरीच्या कॅप्सूल घेतल्या की साठीनंतरही चष्म्याचा नंबर उतरतो, अशी जाहिरात तिला कुणीतरी पाठवली होती. "घेऊ का रे?" मी म्हटलं, "आत्या, त्यापेक्षा दसऱ्याचं तोरण आठव." तिला काही उमगलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बिलबेरी हे युरोपातल्या जंगलांत उगवणारं, ब्लूबेरीच्या जवळचं फळ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक त्याचा जॅम खायचे आणि रात्रीच्या अंधारात अचूक बॉम्ब टाकायचे, अशी दंतकथा आहे. तिचीच बहीण म्हणजे गाजराची कथा. जॉन कनिंगहॅम या वैमानिकाला गाजरांमुळे रात्री दिसतं असं तेव्हा पसरवलं गेलं. प्रत्यक्षात त्याच्या विमानात रडार होतं. पुढे निरोगी माणसांवर बिलबेरीच्या नीट आखलेल्या चाचण्या झाल्या, तेव्हा रात्रीची नजर सुधारल्याचं काही दिसलं नाही. तिचा जांभळा रंग अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यांचा. तोच गट आपल्या जांभळात, करवंदात आणि तुतीतही असतो. पण खाल्लेल्या अँथोसायनिनचा अगदी थोडा अंश रक्तात पोहोचतो. ही फळं आवडीने खावीत. चष्म्याचा नंबर मात्र डोळ्याच्या आकारावर आणि भिंगावर ठरतो, तो फळांनी बदलत नाही.

डोळ्यात खरोखर जाऊन बसतो तो पिवळा रंग. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागी जेमतेम 5 मिलिमीटरचा एक भाग असतो. वाचताना, सुईत दोरा ओवताना, समोरच्याचा चेहरा ओळखताना आपण तोच वापरतो. त्याचं मराठी नावच पीतबिंदू, आणि तो पिवळेपणा ल्युटिन व झिअॅक्झँथिन या दोन रंगद्रव्यांचा. आपलं शरीर यातला कणही बनवू शकत नाही. सगळा अन्नातून येतो. झेंडूच्या पाकळ्यांत ल्युटिन इतकं असतं की कॅप्सूलसाठी ते बहुधा त्यातूनच काढतात!

हा रंग तिथे करतो काय? दिसणाऱ्या प्रकाशात निळा प्रकाश जास्त ऊर्जेचा, आणि हे पिवळे रेणू नेमका तोच शोषतात. शिवाय प्रकाश आणि ऑक्सिजन एकत्र आल्यावर तयार होणारे आक्रमक रेणू ते शांत करतात. ती गरज का पडते, हे मला या सगळ्यात विलक्षण वाटतं. प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशीच्या टोकाशी पातळ चकत्यांची चळत असते. रोज त्यातला सुमारे दहावा हिस्सा गळतो, तळाशी नव्या चकत्या येतात आणि दहाएक दिवसांत सगळी चळत नवी होते. गळलेला माल मागच्या थरातल्या रंजक (रंगद्रव्य असलेल्या) पेशी गिळून पचवतात. अशी एकेक पेशी तीसेक प्रकाशपेशींचा कचरा आयुष्यभर उचलते, आणि ती स्वतः सहसा विभागत नाही. चकत्यांमधल्या मेदाचं ऑक्सिडीकरण झालं तर तो नीट पचत नाही, लिपोफ्युसिन नावाचा गाळ होऊन पेशीतच साठतो. वयानुसार पेशींखाली ड्रुसेन नावाचे पिवळट ठिपके जमतात. पीतबिंदूचा ऱ्हास, म्हणजे मधली नजर बिघडत जाणं, इथून सुरू होतो. वनस्पतींनीही हे रेणू याच कामाला ठेवलेत: कडक उन्हात पान व्हायोलाझँथिन या रंगद्रव्याचं झिअॅक्झँथिन करतं आणि जादा ऊर्जा उष्णता म्हणून सोडून देतं.

अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने 2001 मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. ज्यांचा ऱ्हास मधल्या टप्प्यात होता, त्यांच्यात क आणि ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन, जस्त व तांबं यांच्या ठरावीक मात्रेने पुढच्या टप्प्याचा धोका 5 वर्षांत सुमारे 25 टक्क्यांनी घटला. बीटा कॅरोटीनने धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून 2013 च्या दुसऱ्या चाचणीनंतर त्याजागी 10 मिलिग्रॅम ल्युटिन आणि 2 मिलिग्रॅम झिअॅक्झँथिन आलं. निरोगी डोळ्यांसाठी या गोळ्या नाहीत. गेलेली नजर त्या परत आणत नाहीत, मोतीबिंदूही विरघळवत नाहीत. डोळ्यात मध घालून तो जातो असं सांगणाऱ्यापासून तर दूरच राहावं.

ताटात मात्र हे सहज येतं: पालक, मेथी, शेवग्याचा पाला, मका, अंड्याचा बलक. ल्युटिन मेदात विरघळतं, त्यामुळे पालेभाजीला तेलाची फोडणी हवीच. बेरीच खायची असेल तर गोजी बेरीत झिअॅक्झँथिन भरपूर असतं, पण ती महाग. आणि सिगारेट सोडणं यातल्या कशाहूनही मोठं.

आत्याला सांगितलंय, चष्मा लावून एकेक डोळा झाक आणि खिडकीचे गज बघ. एखादा गज मध्येच वाकडा किंवा पुसट दिसला, तर कॅप्सूल न शोधता लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जा.